हरणांसाठी फोडणीबंदी

हरणांना माझा वास येतो, असं माझ्या मुलीनं मला तोंडावर सांगितलं तेव्हा मी कढईत मोहरी टाकत होते. स्वयंपाकघराच्या दारात ती नाकावर बाही धरून उभी होती आणि सांगत होती इंग्रजीतून, कारण मराठी ती ऐकते, बोलत नाही. मी म्हटलं, हरणांना म्हणावं, वास आवडला तर जेवायलाच या. ती हसली नाही. आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो. नवरा शुऐबाच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो आणि मी घरी गोडा मसाला आणि मेतकूट करते, ओळखीच्या मराठी घरांपुरतं. मसाल्याच्या दिवशी खोबरं, तीळ, दगडफूल भाजायला घेतलं की लिफ्टमधून येणाऱ्या माणसालासुद्धा आमचा मजला कळतो. मला त्याचं कौतुकच होतं. परदेशात येऊन आपल्या घराला आपल्या घराचा वास असावा, यात चुकलं काय?

पण लेकीला तो वास खुपायला लागला होता. शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणे. तिनं मला कधी सांगितलं नाही, मला दुसऱ्या एका आईकडून कळलं. त्यानंतर बाईसाहेब खोलीच्या दाराखाली टॉवेल लावायला लागल्या. गणवेश चेनच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवायचा आणि सकाळी बापाकडून गाडीची किल्ली मागून काढून आणायचा. डोक्याला तेल बंद. सोफ्यावर मी बसले की ती उठून खुर्चीवर जायची. लहानपणी ही पोर माझ्या पदरात तोंड खुपसल्याशिवाय झोपत नसे! माझ्या स्वभावाला औषध नाही. वाईट वाटलं की मी ओरडते. तेव्हा घरात ओरडाआरडा बराच होता.

तिची बारावी होती आणि तिला परदेशात जाऊन फोटोग्राफी शिकायची होती. तिच्या बापाला इंजिनियर हवा होता. रोज जेवताना दोघांची जुंपायची. शेवटी तह झाला. एकाच कॉलेजला अर्ज करायचा, त्यांनी घेतलं तर आम्ही पाठवायचं. नाही घेतलं तर मुकाट्यानं पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून इंजिनियरिंग करायचं. मी या तहात काही बोलले नाही. पुणं म्हणजे सुट्टीला माझ्याच माहेरी येणार, फोनवर माझीच बहीण मला खडान्‌खडा सांगणार. मला काय हवं होतं ते विचारायचीसुद्धा गरज नाही.

कॉलेजला एकाच विषयावरची फोटोमालिका पाठवायची होती. हिनं विषय निवडला हरणं. आता कुवेतमध्ये हरणं कुठली, तर नवऱ्याचे एक जुने साहेब आहेत, इथलेच, निवृत्त झालेले. वफ्राच्या बाजूला त्यांची शेती आहे आणि शेतीला लागून केवढं तरी वाळवंट त्यांनी कुंपण घालून राखलंय. त्यात त्यांनी इथली वाळवंटी हरणं सोडलीत. रीम म्हणतात त्यांना. वाळूच्याच रंगाची, पोटाखाली पांढरी. सोडल्यापासून ती कुणाची राहिलेली नाहीत, माणूस दिसला की पसार.

हे साहेब तरुणपणी पट्टीचे शिकारी. बापाबरोबर, चुलत्यांबरोबर कुठे कुठे हिंडलेले. बंदूक त्यांनी कधीच ठेवून दिली, पण शिकाऱ्याचं नाक आणि शिकाऱ्याचा हट्ट अजून शाबूत आहे. आमच्या मुलीला ते ‘बिंती’ म्हणतात, म्हणजे माझी मुलगी. हिंदी मोडकीतोडकी बोलतात, पण बोलतात आवडीनं. दर शुक्रवारी सकाळी बापलेक तिकडे जायचे, पाणवठ्याजवळ तंबूच्या कापडाचं लपण होतं त्यात बसायचे आणि दुपारी हरणांच्या पार्श्वभागांचे फोटो घेऊन परत यायचे. कितीतरी शुक्रवार हेच. पळणारी ढुंगणं आणि धुरळा. मी एकदा म्हटलं, मालिकेला नाव छान द्या म्हणजे झालं. तेव्हा तर ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही.

साहेबांचं म्हणणं होतं की सगळा घोळ वासाचा आहे. हरीण डोळ्यांनी पाहिलेल्यावर एकदा शंका घेईल, पण नाकानं घेतलेल्यावर कधीच नाही. म्हणून वारा बघून बसायचं, हरणांकडून वारा आपल्याकडे आला पाहिजे. हातानं झुडपाला शिवायचं नाही, वास तिथं राहतो. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही, लांबून वळसा घालून जायचं. अंगाला साबण नाही, अत्तर नाही, आदल्या दिवशी कांदा-लसूण नाही. स्वतः साहेब शुक्रवारी, नमाजाच्या दिवशीसुद्धा, ऊदाचं अत्तर लावत नसत आणि त्यावरून त्यांची बायको त्यांना हसायची. नवऱ्यानं हे सगळं कारखान्यातल्या सुरक्षेच्या नियमांसारखं मनावर घेतलं. वारा कुठून येतो ते बघायला चिमूटभर पूड हवेत सोडायची, असं साहेबांनी सांगितलं, तर या गृहस्थांनी नेली माझी चंदनाची टाल्कम पावडर! हरणं नसतील पळाली तर नवल. पुढच्या वेळी मी तांदळाची पिठी बांधून दिली आणि साहेबांनी ती इतकी वाखाणली की आता त्यांच्याही खिशात पिठीची पुडी असते.

एवढं करूनही जमेना, कारण नवऱ्याला धुळीची ऍलर्जी. हरणं जरा जवळ येतायत म्हणेपर्यंत हा लपणात शिंकायचा, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. अर्ज पाठवायची वेळ जवळ आली तेव्हा मुलीनं सांगून टाकलं, बाबा नको. साहेब म्हणाले, एकटी बसायचं नाही, वाळवंट आहे, काही चावलं-बिवलं तर? आमच्याकडे तिसरं माणूस एकच. मी.

पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, नसेल न्यायचं तर राहू दे, मला काही हौस नाही थंडीत कुडकुडायची. खोटं बोलले. हौस होती. वर्षभरात तिनं मला शेजारी बसू दिलं नव्हतं, आणि आता एका तंबूत, खेटून, अख्खी सकाळ. तिनं सुस्कारा सोडला आणि अटी सांगितल्या. बुधवारपासून घरात फोडणी बंद. मसाला बंद. तेल बंद. देवापुढे उदबत्तीसुद्धा बंद. आणि लपणात एक शब्द बोलायचा नाही. मी विचारलं, मी तुझी आई आहे की हिंगाची डबी? ती इंग्रजीत म्हणाली, थोडी दोन्ही.

माझं डोकं फिरलं, पण मी पाळलं. मसाल्याची मागणी होती तिथे तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकलली. आम्ही बिनफोडणीचं जेवायला लागलो. दहीभात, उकडलेले बटाटे, मुगाची गुरगुटी खिचडी. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, हलकं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो फ्रीज उघडून नुसता लोणच्याच्या बरणीकडे बघत उभा होता. मी खाण्याच्या सोड्यानं न्हाले, केस इतके कोरडे झाले की कंगवा अडकायला लागला. जन्मापासून मुरलेलं खोबरेल एका न्हाण्यात कुठलं निघायला, पण शिकस्त केली.

कपड्यांची तर वेगळीच तऱ्हा. दोघींची जाडी जॅकेटं आणि पॅंट्स सोड्याच्या पाण्यात धुऊन मी गॅलरीत वाळत घातल्या आणि दुपारी खालच्या मजल्यावरून बांगडे तळल्याचा वास आला. खाली रत्नागिरीकडची एक भाभी राहते. माझी जिवाभावाची आहे, बांगडा तिच्यासारखा कुणी तळत नाही, पण त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. सगळं पुन्हा धुतलं आणि हारिसला, म्हणजे आमच्या इमारतीच्या राखणदाराला विनवून गच्चीवर दोरी बांधून घेतली.

मग नवऱ्यानं सांगितलं की साहेबांनी कपड्यांना धूर द्यायला सांगितलाय, धुरानं माणसाचा वास झाकला जातो. कसला धूर, ते त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कपड्यांना धूर द्यायची एकच रीत मला माहीत. माझ्या आईनं मला शिकवलेली, माझ्या बाळंतपणात तिनं रोज संध्याकाळी केलेली. इथल्या बुखूरच्या धूपदाणीत मी निखारे फुलवले, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग टाकलं, लसणीची सालं तेवढी वगळली, आणि वर टोपली उपडी घालून तिच्यावर एकेक कपडा पसरला. छान पांढरा धूर धरला. भाभी गच्चीवर कपडे काढायला आली होती, ती दारातच थबकली आणि तिनं विचारलं, कुणाकडे बाळ झालं?

तरीसुद्धा माझी ट्यूब पेटली नाही बरं का. मी हसून म्हटलं, हरणाकडे.

शुक्रवारी पहाटे निघालो. रस्त्यावर धुकं होतं आणि नवरा गाडी हळू हाकत होता. मुलीनं जॅकेट घातलं तेव्हा बाहीला नाक लावून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण तशीच गाडीत बसली. मागच्या सीटवर ती कॅमेरा मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. पूर्वपरीक्षा नुकतीच संपली होती, जागरणं झाली होती. रविवारी अर्ज पाठवायचा होता, म्हणजे हा शुक्रवार शेवटचा.

साहेब शेतावरच्या घराबाहेर उभे होते. मुलीच्या जवळ आले, एकदा हुंगले आणि त्यांचा चेहरा पडला. हा कसला धूर, त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना म्हणायचं होतं वाळवंटातल्या झुडपांच्या काटक्यांचा धूर. अर्फज नावाचं इथलं झुडूप जाळायचं, तो वास हरणांच्या रोजच्या ओळखीचा असतो. ओवा आणि शेपा या हरणांच्या सात पिढ्यांनी हुंगला नसेल. आता दुसरे कपडे कुठून आणणार? मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळे नुसते भरून आले तिचे, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हिचं वर्ष वाया घालवलं, आणि तेही इतक्या मन लावून, इतकं छान करून.

साहेबांनी खिशातली पिठी हवेत सोडली. ती सरळ, न भरकटता आमच्या अंगावर आली. ते म्हणाले, वारा चांगला आहे, बसा. तो फिरेपर्यंत वेळ आहे तुम्हाला. एकच संधी मिळेल.

लपणात दोन बैठी स्टुलं होती आणि कापडाला एक आडवी फट. तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, फटीतून रोखला आणि हाताची घडी घालून ताठ बसली. माझ्याकडे पाठ करून. मला किती बोलायचं होतं म्हणून सांगू! चुकलं गं माझं, असं म्हणायचं होतं. मुद्दाम नाही केलं, असं म्हणायचं होतं. पण तोंड उघडायची बंदी. आयुष्यात एवढी गप्प मी फक्त दातांच्या डॉक्टरकडे बसलेय. बाहेर पाणवठ्याच्या कडेला दोन चंडोल उतरले, पाणी प्यायले, उडून गेले. थंडी बोटांतून वर चढत होती.

जरा वेळानं तिनं जॅकेटची टोपी डोक्यावरून ओढली, पार नाकापर्यंत. थंडीनं असेल. मग तिची मान डुलायला लागली. एकदा सावरली, पुन्हा डुलली, आणि मग ती कलंडली ती माझ्याच बाजूला. डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी श्वास धरून बसले. मला वाटलं आत्ता दचकून उठेल आणि बाजूला होईल. ती उठली नाही. उलट जरा वर सरकली आणि नाक माझ्या गळ्याशी खुपसून गाढ झोपली. ओवा-शेपाच्या धुरानं बाळं झोपतात हे मला आईनं सांगितलं होतं, सतरा वर्षांची घोडीही झोपते हे तिलाही ठाऊक नसेल. मला इतकं बरं वाटलं की माझे डोळे वाहायला लागले आणि नाक ओढायचीही सोय नव्हती. तसंच वाहू दिलं.

आणि मग हरणं आली.

आधी एकच आलं, उंचवट्यावर. थांबलं. मग त्याच्या मागून आणखी, पायांचा आवाज नाही की काही नाही. मी ती फक्त फोटोंत पाहिली होती आणि तीही मागून. आता त्यांची तोंडं दिसत होती. डोळ्यांखालून नाकापर्यंत जाणारी गडद रेघ, लांब पापण्या, सतत हलणारे कान. ती पाण्याशी आली, इतकी जवळ की पाणी पितानाचा चुळुकचुळुक आवाज मला ऐकू येत होता. वारा आमच्याकडेच येत होता. त्यांना आमचा पत्ता नव्हता.

मुलीचा हात माझ्या मांडीवर पडला होता, मूठ उघडी. मी तो बघितला आणि माझ्या मनात आलं ते असं. मला काही करायचं नाही. खोटं बोलायचं नाही, अडवायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसायला तर तिनंच मला बजावलं होतं. हरणं पाणी पिऊन जातील, ही उठेल, रविवारी तोच धुरळा पाठवेल, आणि मग पुणं, माझी बहीण, दिवाळी-गणपती. कुणाला कळणार होतं? मलासुद्धा नंतर वाटलं असतं की मी तिला झोपू दिलं ते मायेनंच. एका पिल्लानं आईच्या पोटाखालून मान बाहेर काढली आणि सरळ फटीकडे पाहिलं. मी खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं.

मी खांदा हलवला.

ती उठेना. मी तिचा हात दाबला, पुन्हा दाबला. तेव्हा ती झोपेतच, चांगल्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, थांब ना गं. पाच मिनिटं."

मराठीत. सगळा कळप जागच्या जागी थिजला आणि एकूण एक मान आमच्याकडे वळली. तेवढ्यात तिचे डोळे उघडले. तिनं फटीतून पाहिलं, आणि मग तिला काही सांगावं लागलं नाही. खांद्यावरचा भार गेला. तिचं बोट कॅमेऱ्यावर पोचलं आणि मी खटखट आवाज ऐकले, मोजके, मग हरणं वळली आणि उधळली. राहिला तो धुरळा, पण तिनं त्याचा फोटो काढला नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं काढलेले फोटो पाहिले. त्यातला एक मलाही दाखवला. ओलं तोंड, ताठ कान, आणि सगळी आमच्याकडे बघणारी. फोटोतलं मला काही कळत नाही, पण हा पाहिल्यावर कुणीही हिला घेईल एवढं मला कळलं. ती हसत होती, नखं खात होती, पुन्हापुन्हा तोच फोटो उघडून बघत होती. मग एकदम थांबली. पाणवठ्याकडे पाहिलं. तिथे काठावरच्या ओल्या वाळूत खुरांचा नुसता चिखल झाला होता, कळप चांगला वेळ थांबून पाणी पिऊन गेल्याचा.

"तू उठवलंस मला," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग काय करणार, तू तर घोरत होतीस. तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मला उठायला हात दिला. माझे दोन्ही पाय बधिर झाले होते. बाहेर आलो तरी तिनं हात सोडला नाही, आणि मी काही बोलले नाही, न जाणो तिच्या लक्षात येऊन सोडायची. आम्ही कुंपणाच्या कडेनं चालत राहिलो. लांब गाडीशी नवरा उभा होता. त्याला आम्ही दिसलो आणि त्यानं तिथूनच ओरडून विचारलं, काय, मिळाला का फोटो?

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, तू सांग म्हणून. मग मी दुसरा हात वर करून त्याला लांबूनच हो म्हटलं.